सुटे भाग कोठून घ्यावेत : संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या जवळपासच्या दुकानांची तुलना

संगणकाची रॅम वाढवायची असते, लॅपटॉपचा अडॅप्टर बंद पडलेला असतो किंवा जुन्या ॲम्प्लिफायरमधला एखादा कपॅसिटर फुगलेला असतो. या तिन्ही गरजा वरवर सारख्याच वाटतात, पण त्या एकाच दुकानात क्वचितच भागतात. जवळपास शोधू लागलो की साधारणपणे पाच प्रकारची ठिकाणे समोर येतात : मोठे साखळी दालन, संगणकाच्या सुट्या भागांचे दुकान, दुरुस्तीचे दुकान, इलेक्ट्रॉनिक कंपोनंटचे दुकान आणि जुन्या मालाचा विक्रेता. यांतून निवड करताना बहुतेक जण आधी भाव विचारतात. माझ्या मते त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे हवीत. आपल्याला हवा असलेला भाग नेमका कोणता, हे आपल्याला निश्चित माहीत आहे का? आणि तो चालतो की नाही, हे दुकानातच तपासता येईल का? ही उत्तरे मिळाली की दुकानाची निवड पुष्कळशी आपोआप होते, आणि भावातला फरक वाटतो तितका महत्त्वाचा राहत नाही.

साखळी दालनाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. माऊस, कीबोर्ड, राउटर, बाहेरून जोडण्याची हार्ड डिस्क अशा बंद डब्यातल्या वस्तूंसाठी ते सोयीचे असते, कारण तेथे पावती मिळते आणि वस्तू परत करण्याचे नियम लिखित असतात. मात्र एखादा स्क्रू, एखादी वायर किंवा जुन्या मदरबोर्डला बसणारी रॅम तेथे मिळण्याची शक्यता कमी, आणि सल्ला देऊ शकेल असा माणूस काउंटरवर असेलच असे नाही. एका वस्तूसाठी मात्र मी या दालनालाच किंवा अधिकृत विक्रेत्याला प्राधान्य देईन, आणि ती म्हणजे मेमरी कार्ड व पेन ड्राइव्ह. बनावट कार्डातला कंट्रोलर (कार्ड चालवणारी चिप) संगणकाला खऱ्यापेक्षा कितीतरी मोठी क्षमता सांगतो. खरी जागा भरेपर्यंत सर्व सुरळीत चालते आणि त्यानंतर साठवलेला मजकूर हरवतो किंवा बिघडतो. वेष्टन पाहून हे ओळखता येत नाही. एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू यांसारख्या मोफत प्रोग्रॅमने कार्ड पूर्ण भरून आणि परत वाचून पाहिले तरच खात्री होते, आणि या तपासणीला वेळ लागत असल्याने ती घरीच करावी लागते. म्हणूनच परत घेण्याची लेखी हमी येथे कामाची ठरते.

सुट्या भागांचे दुकान की दुरुस्तीचे दुकान

खरा पेच बहुधा या दोहोंमध्ये पडतो. सुट्या भागांच्या दुकानात माल नवा असतो, कंपनीची वॉरंटी असते आणि एकाच वस्तूचे अनेक पर्याय शेजारी शेजारी पाहता येतात. मात्र तेथे जाताना आपली माहिती पक्की असावी लागते, कारण दुकानदार आपण मागू तेच देतो. डेस्कटॉपच्या डीडीआर३ रॅमला २४० पिना असतात, तर डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोहोंनाही २८८. तरीही त्यांच्या खाचांची जागा वेगळी असल्याने एका पिढीची रॅम दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. लॅपटॉपची रॅम आखूड असते आणि तिच्या पिनांची संख्याही निराळी असते. एम.२ प्रकारच्या, म्हणजे पट्टीच्या आकाराच्या एसएसडीमध्ये (चिपवर मजकूर साठवणाऱ्या डिस्कमध्ये) तर अधिकच गोंधळ होतो, कारण एकाच आकाराची पट्टी साटा किंवा एनव्हीएमई अशा जोडणीच्या दोन वेगळ्या पद्धतींपैकी कोणत्याही पद्धतीची असू शकते, आणि काही स्लॉट त्यांपैकी एकच प्रकार स्वीकारतात. २२८० आणि २२४२ हे आकडे २२ मिलिमीटर रुंदी आणि अनुक्रमे ८० व ४२ मिलिमीटर लांबी दाखवतात, ही साधी गोष्ट माहीत असली तरी एक फेरी वाचते. मदरबोर्डचे किंवा लॅपटॉपचे पूर्ण मॉडेल आणि आधीच्या भागावरच्या लेबलाचे स्पष्ट छायाचित्र जवळ असेल, तर हे दुकान सर्वांत उत्तम.

ही माहिती जवळ नसेल, किंवा बिघाड कशात आहे हेच कळलेले नसेल, तर मी नि:संकोचपणे दुरुस्तीचे दुकान सुचवेन. संगणक सुरू होत नाही म्हणून नवा पॉवर सप्लाय आणावा आणि दोष रॅममध्ये निघावा, हा प्रकार सुट्या भागांच्या दुकानात टळत नाही. दुरुस्ती करणाऱ्याकडे चालू स्थितीतली रॅम, सप्लाय आणि स्क्रीन हाताशी असते. एकेक भाग बदलून तो दोष शोधतो आणि नेमका तोच भाग देतो. लॅपटॉपच्या बाबतीत त्याचे महत्त्व आणखी वाढते. बिजागरी, कीबोर्ड, चार्जिंगचा जॅक, आतली रिबन केबल हे भाग दुकानात नवे मिळणे कठीण असते, पण बंद पडलेल्या त्याच मॉडेलच्या यंत्रातून काढलेले त्याच्याकडे अनेकदा सापडतात. स्क्रीन बदलायची असेल तर लॅपटॉपच्या मॉडेलवर विसंबू नये. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे पॅनल असू शकतात आणि त्यांचा कनेक्टर ३० पिनांचा किंवा ४० पिनांचा असू शकतो. पॅनलच्या मागे छापलेला क्रमांक जुळवणे हाच भरवशाचा मार्ग आहे, आणि ते काम सवयीचा माणूस काही मिनिटांत करतो.

अडॅप्टर हे या दोन दुकानांतला फरक दाखवणारे चांगले उदाहरण आहे. व्होल्टेज जुन्याइतकेच हवे, अँपिअर तेवढे किंवा त्याहून अधिक चालतात आणि पिनेचा आतला-बाहेरचा व्यास जुळला पाहिजे, एवढे नियम कोणीही पाळू शकतो. परंतु काही लॅपटॉप अडॅप्टरची ओळख मधल्या बारीक पिनेतून पटवून घेतात. ती ओळख पटली नाही तर यंत्र चालते, पण बॅटरी चार्ज होत नाही. हे केवळ लेबल वाचून कळत नाही. लॅपटॉप सोबत नेऊन, अडॅप्टर जोडून आणि चार्जिंगची खूण पाहूनच पैसे द्यावेत, आणि ज्या दुकानात असे करू देतात तेथून तो घ्यावा.

दुरुस्तीच्या दुकानाची एक मर्यादा समजून घेतली पाहिजे. त्याची कमाई कामातून होते, मालाच्या विक्रीतून नव्हे. दोष शोधून घ्यायचा आणि भाग दुसरीकडून आणायचा, असे करणार असाल तर तपासणीचे पैसे आधी विचारून द्यावेत. हे न्याय्यही आहे, आणि पुढच्या वेळी अडचणीच्या भागासाठी तोच माणूस मदत करतो.

येथे एका धोक्याचा उल्लेख आवश्यक वाटतो, कारण तो दोन्ही दुकानांत संभवतो. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणाऱ्या पॉवर सप्लायची हरवलेली केबल म्हणून दुसऱ्या सप्लायची केबल कधीही घेऊ नये. सप्लायच्या बाजूच्या प्लगमधली तारांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, काही वेळा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी असते. प्लग मात्र व्यवस्थित बसतो आणि चालू करताच हार्ड डिस्क जळू शकते. विक्रेता कितीही खात्रीने सांगत असला तरी नेमक्या त्याच मॉडेलची केबल हवी.

कंपोनंटचे दुकान

लहान डबे आणि खणांनी भरलेले हे दुकान नवख्या माणसाला परके वाटते, आणि म्हणूनच त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते असे मला वाटते. रेझिस्टर, डायोड, रिले, फ्यूज, स्विच, कनेक्टर, हीट श्रिंक ट्यूब, सोल्डर असा सगळा किरकोळ माल येथे सुटा मिळतो. ज्या यंत्राला कंपनीच्या सेवा केंद्राने पूर्ण बोर्ड बदलण्याचा सल्ला दिलेला असतो, त्याचा प्रश्न कधी कधी येथल्या एका कपॅसिटरवर सुटतो.

मागणी मात्र नेमकी असावी लागते. 'मोठा कपॅसिटर' असे म्हणून भागत नाही. मायक्रोफॅरड (म्हणजे क्षमता), व्होल्ट, तापमान आणि आकार या चारही गोष्टी सांगाव्या लागतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच ठेवावेत, व्होल्ट तेवढे किंवा त्याहून जास्त चालतात, आणि ८५ अंशांऐवजी १०५ अंश सेल्सियसचा मिळत असेल तर तोच घ्यावा, कारण तापमान १० अंशांनी कमी झाले की अशा कपॅसिटरचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. स्विचिंग सप्लायसाठी कमी ईएसआरचा (म्हणजे कमी अंतर्गत रोधाचा) हवा, हे स्वतःहून सांगावे. वीजपुरवठ्याच्या मुख्य बाजूला एक्स२ किंवा वाय२ असे छापलेले कपॅसिटर असतात. ते सुरक्षिततेच्या वर्गाचे असल्याने त्यांच्या जागी केवळ मायक्रोफॅरड आणि व्होल्ट जुळणारा साधा कपॅसिटर चालत नाही, त्याच वर्गाचा लागतो. फ्यूजच्या बाबतीत अँपिअर वाढवण्याचा मोह टाळावा, आणि तो झटपट उडणारा आहे की उशिरा उडणारा, हेही जुळवावे.

कनेक्टरसाठी तर नमुनाच सोबत न्यावा. जेएसटी या कंपनीच्या कनेक्टरांच्या पीएच मालिकेत पिनांमधले अंतर २ मिलिमीटर असते आणि एक्सएच मालिकेत २.५ मिलिमीटर, छायाचित्रात दोन्ही सारखेच दिसतात आणि घरी आल्यावर बसत नाहीत. जाणता दुकानदार तुटका तुकडा हातात घेऊन योग्य डबा काढून देतो, आणि त्याचे हे ज्ञान मला त्याच्या मालाइतकेच मोलाचे वाटते.

या दुकानाची दुबळी बाजू म्हणजे आयसी (चिप) आणि पॉवर ट्रान्झिस्टर. जुन्या किंवा हलक्या आयसीवरची छपाई घासून नवा क्रमांक छापण्याचा उद्योग जगभर चालतो, आणि माल अनेक हातांतून आलेला असल्याने खुद्द दुकानदारालाही ते ठाऊक नसू शकते. साध्या प्रयोगासाठी असा आयसी घेणे ठीक आहे, परंतु ज्यावर महागडे यंत्र अवलंबून आहे तो भाग उत्पादकाच्या अधिकृत वितरकाकडून मागवलेलाच बरा.

जुना माल

जुन्या मालाच्या विक्रेत्याकडे काय घ्यावे यापेक्षा काय घेऊ नये, हे आधी ठरवावे. प्रोसेसर, रॅम, हीट सिंक, ट्रान्सफॉर्मर, कॅबिनेटचे स्क्रू आणि पट्ट्या, जुन्या पद्धतीच्या केबल हा माल जुना असला तरी सहसा दगा देत नाही. रॅम घेतली तर मेमटेस्टसारख्या प्रोग्रॅमने रात्रभर तपासावी. प्रोसेसरच्या पिना वाकलेल्या नाहीत ना, हे भिंगातून पाहावे. पॉवर सप्लाय मात्र घेऊ नये, कारण त्यातले कपॅसिटर किती झिजले आहेत ते बाहेरून दिसत नाही आणि तो बिघडला तर सोबत इतर भागही नेतो.

जुन्या हार्ड डिस्कबद्दल मतभेद आहेत. विक्रेता स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या स्थितीची जी नोंद ठेवते तिचा अहवाल दाखवत असेल तर एकूण चाललेले तास, बदललेले सेक्टर (बिघडल्याने वगळलेले साठवणीचे कप्पे) आणि प्रलंबित सेक्टर (बिघाडाचा संशय असलेले कप्पे) हे तीन आकडे पाहावेत. शेवटचे दोन शून्य नसतील तर डिस्क सोडून द्यावी. मात्र हे आकडे पुसून शून्यावर आणता येतात, त्यामुळे कमी तास हा पुरावा ठरत नाही. ज्याची आणखी एक प्रत अन्यत्र ठेवलेली आहे अशा मजकुरासाठी अशी डिस्क चालेल. एकमेव प्रत तिच्यावर ठेवणे मला मान्य नाही.

जुन्या लॅपटॉप बॅटऱ्यांतून काढलेले १८६५० लिथियम सेल कोठेही मिळाले तरी नवख्याने घेऊ नयेत. नव्या सेलवरही ९९०० मिलिअँपिअर-तास असा आकडा छापलेला दिसला तर तो खोटा समजावा. १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या या आकारात नामवंत उत्पादकांचे चांगले सेलही दीर्घकाळ ३५०० च्या आसपासच राहिले आहेत.

दुकान सापडतच नसेल तर

अनेकांची अडचण निवडीची नसून ठिकाण सापडण्याची असते. पाटीवर 'संगणक' किंवा 'इलेक्ट्रॉनिक्स' असे लिहिलेले दुकानच शोधत राहिल्याने ती वाढते. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल घड्याळे दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतो. त्याच्या नावातच २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी आलेली आहे. वाहनांचे वायरिंग करणाऱ्याकडे रिले, पात्यांचे फ्यूज, दाबून बसवण्याचे टर्मिनल आणि चांगल्या प्रतीची वायर असते. सुरक्षा कॅमेरे बसवणाऱ्यांकडे १२ व्होल्टचे सप्लाय, नेटवर्कची केबल आणि आरजे४५ प्लग सुटे मिळतात, तर ध्वनियंत्रणा भाड्याने देणाऱ्यांना जॅक आणि प्लग कोठे मिळतात हे नक्की ठाऊक असते. टीव्ही किंवा मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला 'तुम्ही तुमचे भाग कोठून आणता?' असे सरळ विचारणे हा कंपोनंटच्या दुकानापर्यंत पोहोचण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. अभियांत्रिकीचे शिक्षण देणाऱ्या संस्थांच्या आसपासही अशी दुकाने आढळतात, कारण विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना सुटे भाग लागतात.

ऑनलाइन मागवण्याशी तुलना करायची झाली तर दुर्मीळ क्रमांकाचा आयसी, विशिष्ट मॉडेलचा पॅनल किंवा एकाच वस्तूचे शंभर नग यांत जवळचे दुकान मागे पडते, आणि ते मान्य करावे. पण एका फ्यूजसाठी पाठवणीचा खर्च वस्तूपेक्षा जास्त होतो, आणि यूपीएसची शिसे-आम्ल बॅटरी तर जवळच घेणे शहाणपणाचे, कारण ती जड असते आणि पडून राहिली की खराब होते. घेताना तिच्यावरची उत्पादनाची तारीख पाहावी आणि मल्टीमीटर लावून मागावा : १२ व्होल्टची पूर्ण चार्ज असलेली बॅटरी भार नसताना साधारण १२.८ व्होल्ट दाखवते, आणि आकडा १२.४ च्या खाली असेल तर ती बराच काळ फळीवर पडून होती असे समजून दुसरी मागावी. जुनी बॅटरी परत घेणारा विक्रेता निवडला तर शिशाची विल्हेवाटही त्याच फेरीत लागते.