म्युपिरोसिन मलम: खपलीवर जोरात, केसतोडावर फुस्स

पाचापैकी साडेतीन स्टार. चार देणार होते, पण अर्धा माझ्याच शहाणपणाचा कापलाय.

मुलीच्या नाकाखाली दोन पुळ्या आल्या, फुटल्या, वर मधासारखी पिवळट खपली धरली आणि दोन दिवसांत हनुवटीवरही तेच. डॉक्टर बघताक्षणी म्हणाले इम्पेटिगो, म्हणजे वरच्या कातडीचा जंतुसंसर्ग, बहुतेक स्टॅफ नावाच्या जंतूचा, आणि हे २ टक्केवालं म्युपिरोसिन, म्हणजे जंतू मारणारं मलम, दिलं, दिवसातून ३ वेळा. खपली कोमट पाण्याने भिजवून हळूच काढायची आणि मग लावायचं, मी पहिल्या दिवशी नुसतं वरून थापत बसले, खाली काही पोचलंच नसणार. तिसऱ्या दिवसापासून नवीन पुळी नाही, पाचव्या दिवशी नुसता गुलाबी डाग. थोडं चुरचुरतं, पण व्हॅसलिनसारखं चिकट नाही, पाण्याने निघतं.

मग मला मांडीवर केसतोड झाला. म्हटलं हाही स्टॅफचाच, आणि स्टॅफ तो स्टॅफच, उरलेली ट्यूब आहे की! आठवडाभर चोळलं, ढिम्म फरक नाही, उलट लिंबाएवढं गळू. डॉक्टर म्हणाले अहो हे मलम वरच्या कातडीपुरतं, आत पू साठलाय तिथे ते काय करणार, चीर देऊन काढावाच लागेल. काढला, पू कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, गेला, तीन दिवसांनी रिपोर्ट आला: स्टॅफिलोकोकस ऑरियस, तोही एमआरएसए. म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा. ते औषध १९५९ मध्ये आलं आणि १९६१ मध्ये हे महाशय हजरसुद्धा!

आला कुठून तर म्हणे बाहेरून यायची गरजच नाही, साधारण ३० टक्के लोकांच्या नाकात स्टॅफ ऑरियस (बहुतेकांचा साधा, एमआरएसए नव्हे) निवांत बसलेला असतो, काही करत नाही, कातडीला चीर मिळाली की आत घुसतो. माझी चीर रेझरची, आणि टॉवेल आम्हा दोघींचा एकच. रांजणवाडी, सेल्युलायटिस (कातडीच्या आतल्या थरांचा संसर्ग), झालंच तर एक प्रकारचं फूड पॉयझनिंग पण ह्याचंच, त्यात तर विष आधीच अन्नात तयार असतं आणि गरम करूनही जात नाही. लाली पसरायला लागली किंवा ताप आला तर मात्र मलम लावत बसू नका, हा जंतू रक्तातही उतरतो.

तक्रार एकच. नाकातला जंतू घालवायला नाकात लावायचं म्युपिरोसिन सांगितलं होतं, ते वेगळं येतं, दुकानदाराने नाव तेच बघून कातडीचं दिलं आणि मी घातलं नाकात, डोळ्यांतून पाणी! कातडीचं मलम ज्यात कालवलेलं असतं त्या बेसमुळे नाकाच्या आत आग होते. बदलून आणलं, दिवसातून २ वेळा, ५ दिवस. आज चौथा, आणि टॉवेल आता दोन आहेत.