टिळकवाडीतला लायसन्सवाला: पाचपैकी चार

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे, ऑफिस आणि डिझाइन धरून ११ कॉम्प्युटर. मी अकाउंट्सचा माणूस पण प्रिंटर अडकला तरी हाक मलाच, तेव्हा सॉफ्टवेअर लायसन्सचं झेंगट पण माझ्याच गळ्यात.

आधीच्या व्हेंडरचं नाव घेत नाही. दिवाळीला न चुकता कुंद्याचा डबा आणायचा, त्यामुळं मालकांचा त्याच्यावर लई भरवसा. त्यानं सगळ्या मशीनींत विंडोज आणि ऑफिस घालून दिलं, "लाईफटाइम हाय वो, कशाला काळजी करूलालाव" म्हणून गेला. सहा महिन्यांनी पुण्याचे कस्टमर ऑडिटला बसलेले, प्रोजेक्टरवर ड्रॉइंग उघडलं तर खाली उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरात 'ॲक्टिव्हेट विंडोज', म्हणजे लायसन्स पक्कं नाही. मालकांनी माझ्याकडं बघितलं, मी चहाच्या कपाकडं.

फोन केला की त्याचा पोरगा यायचा, पेनड्राइव्ह लावायचा, एक काळी खिडकी उघडून बंद, अक्षरं गायब. परत सहा महिने झाले की तेच.

टिळकवाडीतल्या ह्या माणसाला दाखवलं तर त्यानं एक कमांड मारली, समोर 'व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन' आणि पुढं संपायची तारीख. म्हणाला हे केएमएस, कंपनीच्या सर्व्हरवरून विंडोज ॲक्टिव्हेट करायची पद्धत, मोठ्या कंपन्यांसाठी असतंय, १८० दिवसांच्या आत मशीननं कंपनीच्याच सर्व्हरला हजेरी द्यायची नाहीतर ॲक्टिव्हेशन जातंय. आणि तो सर्व्हर किमान २५ मशीन मोजल्याशिवाय विंडोज ॲक्टिव्हेटच करत नाही. आमच्याकडं मशीन ११, सर्व्हर तर नाहीच, मग इतके दिवस हजेरी लागत होती कुठं? उत्तर मलाच देता येईना.

खरा धक्का पुढं. ११ पैकी ७ मशीन ब्रँडेड, विंडोजसकट घेतलेली. विंडोज ८ पासून अशा मशीनींची लायसन्स-की (लायसन्सचा नंबर) मदरबोर्डावरच्या चिपमध्येच असते म्हणे, तीच एडिशन (होम का प्रो) परत घातली की आपोआप ॲक्टिव्हेट. म्हणजे आमचंच विंडोज पुसून त्यानं आपलं घातलं आणि वर पैसे घेतले! ह्या माणसानं त्या सातांना नुसती मजुरी लावली, नवीन विंडोज फक्त चारांना.

बिल पण नीट देतो. एडिशन, नग, जीएसटी सगळं वेगवेगळं, 'सॉफ्टवेअर १ सेट' असलं गोलमाल नाही. आणि लायसन्सचं खातं उघडताना कंपनीचा मेल आयडी मागितला, स्वतःचा घातला नाही, हे मला सगळ्यात पटलं. कुठली की कुठल्या मशीनला त्याची शीट करून दिली, एक प्रिंट तिजोरीत ठेवा म्हणाला.

एक स्टार कापला कारण कोटेशनला चार दिवस लावले आणि रविवारी फोन उचलत नाही. महाग पण आहे, पण ते बिल बघून कळतंय कशाचे पैसे ते.

अँटीव्हायरसचं खातं मात्र अजून जुन्या व्हेंडरच्याच मेलवर अडकलंय, पासवर्ड मागितला की "उद्या देतो की" म्हणतो. यंदा कुंदा आला तर मी हात लावणार नाही, मालकांचं सांगता येत नाही.