दोघं, दोन सायकली, एक तंबू: तोरणमाळ की एकतानगर?

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याहून सायकलवर निघायचं आणि दोन-तीन दिवस तंबूत राहायचं म्हटलं, की आपल्या भागात दोन नावं पुढे येतात. एक वर सातपुड्यातलं तोरणमाळ आणि दुसरं गुजरातमधलं, सरदार पटेलांच्या पुतळ्याचं नर्मदेकाठचं एकतानगर, म्हणजे आपलं जुनं केवडिया. आम्ही नवरा-बायको दोन्हीकडे सायकलने जाऊन आलो. ओळखीतली नवी जोडपी विचारतात, "ताई, कुठे जाऊ?" उत्तर जोडप्यागणिक बदलतं, म्हणून सगळं एकदा लिहूनच काढते.

आधी एक ठरवा: सायकलीची मजा तुम्हाला वाटेत हवी आहे की पोचल्यावर? तोरणमाळला सगळी सायकल वाटेतच संपते. एकतानगरला खरी गंमत पोचल्यावर सुरू होते, कारण बघायच्या जागा नदीच्या कडेने लांबवर पसरल्यात आणि रस्ते रुंद, गुळगुळीत आहेत.

अंतराचं म्हणाल तर तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. लोणखेडा, म्हसावदपर्यंत पपईच्या बागांमधून सायकल आपोआप पळते. राणीपूर सोडलं की घाट लागतो. शहादा आणि तोरणमाळ यांच्या उंचीत साधारण हजार मीटरचा फरक आहे आणि त्यातला बहुतेक चढ याच घाटात भरलाय. सातपायरीची वळणं खालून वर बघितली, तर रस्ता डोंगराला दोरीसारखा गुंडाळलेला दिसतो. सामान लादलेली सायकल तिथे सगळ्यात हलक्या गिअरवरही हटून बसते. पहिल्या खेपेला शेवटची वळणं मी सायकल ढकलत चढले. दुसऱ्या खेपेला पूर्ण चढले, पण पोटऱ्या दोन दिवस बोलत होत्या. सकाळी सहाच्या आत शहादा सोडा आणि घाटाखालीच पाण्याच्या बाटल्या भरून घ्या.

एकतानगर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. तळोदा, अक्कलकुवा, सागबारा, डेडियापाडा आणि मग राजपिपळा. एका दिवसात करायच्या फंदात पडू नका, डेडियापाड्याला मुक्काम करा. चढ आहेत, पण जीव मेटाकुटीला आणणारे नाहीत. त्रास असतो तो गाड्यांचा. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर चालतात, कित्येकांना मागे लाल दिवा नसतो. खड्डा चुकवायला तुम्ही उजवीकडे सरकलात आणि मागून ट्रक आला, तर काय होईल हे सांगायला नको. अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर सायकल नकोच. एवढं नको असेल तर नंदुरबारहून रेल्वेने सुरत, बडोदा करत एकतानगर स्टेशन गाठता येतं. सायकली मात्र पार्सलला द्याव्या लागतात.

आता राहायचं. एकतानगरला तंबू म्हणजे तंबूच्या कापडातली हॉटेलची खोली. पलंग, एसी, गरम पाणी, आतच बाथरूम. दीडशे किलोमीटर पेडल मारून आलेल्या माणसाला ते गरम पाणी काय वाटतं ते मला विचारा! भाडं दिवस आणि हंगाम बघून वरखाली होतं, पण आमच्या दोन रात्रींच्या पैशांत एक बरी नवी सायकल आली असती. आम्ही उतरलो तिथे सायकली तंबूपाशी लावू दिल्या नाहीत. जनरेटरमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवल्या आणि सकाळी बघते तर माझ्या सायकलचा पुढचा दिवा गायब. विचारलं तर "जबाबदारी आमची नाही." म्हणून बुकिंगच्या आधी फोनवर स्पष्ट विचारून घ्या, सायकल रात्री कुठे राहणार.

बघायला मात्र तिथे भरपूर आहे आणि ते मनापासून सांगते. १८२ मीटरच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याचं अनावरण ३१ ऑक्टोबर २०१८ ला झालं. त्याभोवती जंगल सफारी, कॅक्टस गार्डन, फुलपाखरांची बाग, झुकझुक गाडीत बसून फिरायचं मुलांचं न्यूट्रिशन पार्क, संध्याकाळी लेझर शो असं बरंच काही उभं राहिलंय. पुतळा सोमवारी बंद असतो, त्यामुळे शनिवार-रविवारची गर्दी टाळायला म्हणून सोमवार धरू नका, मंगळवार-बुधवार धरा. आम्ही सायकली पार्किंगला लावून पुतळ्यापर्यंत बसनेच गेलो.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इथल्याच सरदार सरोवर धरणाच्या पाण्याचा फटका आपल्याच जिल्ह्यातल्या, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या ३३ गावांना बसला. तिथून उठलेली माणसं आज तळोदा, शहाद्याच्या वसाहतींत राहतात. म्हणजे तुमची सायकल जाते त्याच वाटेवर. धरणाची भिंत बघताना मला तीच घरं आठवत होती आणि लेझर शोला माझं मन लागलं नाही. तुम्ही जा, बघा, पण हे ठाऊक असू द्या.

तोरणमाळला पर्यटन महामंडळाचं रिसॉर्ट आहे, पण स्वतःचा तंबू नेणार असाल तर जंगलात वनखात्याला विचारल्याशिवाय तो लावायचा नाही. आम्ही एका पावरा आदिवासी कुटुंबाला विचारून त्यांच्या परसात लावला. जमीन मुरमाड, खुंट्या दोन बोटंसुद्धा आत जाईनात. शेवटी मावशींनीच बांधावरचे दगड दाखवले आणि दोऱ्या त्यांना बांधल्या. शहाद्याच्या बाजारातून भरताची हिरवी वांगी आणली होती, वाटेत एका शेतकऱ्याकडून पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, मागून कॅरिअरला बांधल्या होत्या. त्या जाळावर वांगी भाजली. साल काळी पडून तडतडली, देठाशी पाणी सुटलं, तेव्हा नवरा म्हणाला, "झालं, काढ." लसूण-मिरची मी घरूनच कुटून नेली होती. मावशींनी मक्याच्या गरम भाकरी दिल्या, पैसे घेईनात. मग सकाळी त्यांच्या नातवाच्या सायकलचं पंक्चर काढून दिलं.

डिसेंबर-जानेवारीत तिथली थंडी हाडात शिरते. शहाद्यात स्वेटर लागत नाही म्हणून फसू नका. सकाळी तंबू आतून-बाहेरून ओला होता. उन्हात वाळवूनच गुंडाळला, त्यात नऊ वाजले. यशवंत तलाव, सीताखाई, गोरक्षनाथांचं मंदिर हे सगळं चालत किंवा सायकलवर एका दिवसात आरामात होतं. मोबाईलला रेंजचा भरवसा नाही. रोख पैसे, पंक्चरचं सामान आणि जास्तीची ट्यूब जवळ असू द्या.

म्हणून माझं म्हणणं असं. दोघांतल्या कमी दमाच्या माणसाकडे बघून ठरवा. दोघांनाही रोज तीस-चाळीस किलोमीटरची सवय असेल, तर तोरणमाळ, डोळे झाकून. एकाला सायकलचा नाद आणि दुसरा केवळ प्रेमापोटी निघाला असेल, तर एकतानगर करा, तेही रेल्वेने जाऊन. घाटात ढकलत नेलेल्या माणसाला पुढच्या ट्रिपला राजी करणं फार कठीण जातं, हे मी आमच्याच एका मैत्रिणीच्या घरी पाहिलंय.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस दोन्हीकडे चांगले. पावसाळ्यात तोरणमाळच्या घाटात दरडी येतात आणि उन्हाळ्यात खानदेशात दुपारी सायकल चालवायची कल्पनाही नको. महाशिवरात्रीचा आठवडा मात्र दोन्ही वाटांवर टाळा. तोरणमाळला तेव्हा यात्रा असते आणि सागबाऱ्याकडे देवमोगरा मातेची. रस्ते गाड्यांनी फुलून जातात.

आणि तोरणमाळहून उतरताना ब्रेक सलग दाबून ठेवू नका. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. दर तिसऱ्या-चौथ्या वळणावर उतरून मागच्या रिमजवळ हात न्या. धग लागली तर तिथेच बाजूला दहा मिनिटं बसा.