ई-स्कूटर साताऱ्यात: चढ झकास, सबसिडी "प्रोसेसमध्ये", आणि शंभर युनिटचं दुखणं

चार्जर गेला आणि सर्व्हिस सेंटरवाला तोंडावर म्हणाला, "व्होल्टेज कमीजास्त झालं असणार, वॉरंटीत बसत नाही", म्हणून लिहायला बसलो, नाहीतर आळसच होता. गाडीची बॅटरी तीन किलोवॅट-अवरच्या आसपासची, बाकी स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत. रोज शाहूपुरी ते एमआयडीसी, रविवारी यवतेश्वरचा घाट.

चढाचं टेन्शन होतं ते मिटलं. बायकोला मागं घेऊन घाट आरामात चढते, चार्जिंग धडाधड उतरतं ते खरं, पण येताना ॲक्सिलरेटर सोडला की रीजन लागतं (म्हणजे उतारावर बॅटरी आपोआप थोडी चार्ज होते) आणि घाटाखाली बोगद्यापाशी पोचेस्तोवर एखाद-दुसरा टक्का परत आलेला असतो, तो बघायलाच मी हळू येतो.

आता पैसे. केंद्राची पीएम ई-ड्राइव्हची सबसिडी बिलातच वजा झाली, एप्रिल 2025 पासून ती बॅटरीच्या किलोवॅट-अवरला 2,500 आणि जास्तीत जास्त 5,000 होती. त्यासाठी शोरूमात आधारवर चेहरा जुळवला, मोबाईलवर आलेल्या ई-व्हाउचरवर सही केली, फोटो काढला, सगळं झालं. राज्याच्या 2025 च्या धोरणात दुचाकीला किमतीच्या 10 टक्के, कमाल 10,000 लिहिलेत, ते मात्र बिलात नाहीत. फोन केला की शोरूमवाला "प्रोसेसमध्ये आहे साहेब", आता तर माझा आवाज ऐकूनच म्हणतो. त्याच धोरणातली टोलमाफी अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला, तीही ई-कार आणि बसला. मेव्हण्याची ई-कार आहे, तो पुण्याला जाताना आणेवाडीच्या नाक्यावर पूर्ण टोल भरतो आणि पुण्यापर्यंत कुरकुरतो.

खरा फायदा रोड टॅक्सचा. 125 सीसी पेट्रोल स्कूटरला राज्यात 11 टक्के, म्हणजे लाखाच्या गाडीला अकरा हजार, इथं शून्य, आणि नोंदणी फीपण नाही. हे पैसे कुणाच्या मागं न लागता वाचतात, म्हणून सबसिडीपेक्षा मला हेच जास्त आवडलं.

आता माझं दुखणं. आमचं लाइटबिल शंभर युनिटच्या आत असायचं, आई गिझरपाशी पहारा द्यायची त्यामुळं. गाडी आली आणि महिन्याला पंचवीस-तीस युनिट वाढले. शंभरच्या वरचा दर खालच्यापेक्षा दुपटीहून जास्त, म्हणजे गाडीमुळं शंभरच्या वर गेलेलं प्रत्येक युनिट महागात पडतं, आणि शोरूममधला "इतक्या पैशात किलोमीटर" हिशोब खालच्या दरानं केलेला. स्मार्ट मीटरला दिवसा 9 ते 5 सवलत आहे, पण तेव्हा गाडी कंपनीच्या पार्किंगात उन्हात उभी. तरी पेट्रोलपेक्षा खूपच स्वस्त पडतं, मान्य आहे, पण बिलावर एकशे आठ आकडा दिसला की आई माझ्याकडं बघते ना, ते नको वाटतं. आता मीटरचं रीडिंग कॅलेंडरवर लिहितो आणि महिन्याच्या शेवटी इस्त्री बाहेर देतो (इस्त्रीवाला वाचलेल्यापेक्षा जास्त घेतो, बायकोनं दाखवून दिलंय, तरी देतो).

अपडेट: चार्जर मिळाला, तोही वॉरंटीतच. वॉरंटीच्या पुस्तकातलं चार्जरचं पान आणि वायरमननं मोजलेल्या व्होल्टेजचा फोटो कंपनीला मेल केला, मग त्याच सेंटरवाल्यानं स्वतः फोन करून "या, घेऊन जा" सांगितलं, चहापण विचारला. त्यामुळं दोन स्टार देणार होतो ते साडेतीन करतोय. चौथ्यातला उरलेला अर्धा स्टार राज्याचे दहा हजार जमा झाल्यावर.