जुनं कोरीव ओक मॅन्टेल: एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी गेल्या ऑक्टोबरात रेनेसाँ रिव्हायव्हल शैलीचं, १८९०च्या आसपासचं ओकचं मॅन्टेल, म्हणजे शेकोटीभोवतीची लाकडी चौकट, बसवलं. दोन्ही बाजूंना खांब, वर आरसा, मधल्या फळीवर समोरासमोर दोन ग्रिफिन, म्हणजे गरुडाचं डोकं-पंख आणि सिंहाचं धड असलेले काल्पनिक प्राणी. माझा जीव जडलाय त्यावर. पण घेताना पारख हवी.

पैसे कोरीवकामाचे मोजायचे, म्हणून आधी तेच. ग्रिफिन अस्सल हाताचे आहेत. डावा-उजवा तंतोतंत जुळत नाहीत, पंखांखालचं लाकूड पटाशीनं आतपर्यंत पोखरलंय, बॅटरी तिरपी धरली की हत्याराचे काप दिसतात. खांबांवरची पानं मात्र कोरलेली नाहीतच. खडू, सरस, राळ आणि जवसाच्या तेलाचा लगदा साच्यात दाबून ती केलेली आहेत. विकणाऱ्यानं सगळंच हातचं म्हणून सांगितलं होतं. एकाच ठशाची पानं आणि त्यांवरच्या आडव्या बारीक भेगा, ही खूण लक्षात ठेवा.

हीटिंगनं हवा कोरडी पडली तसा चौकटीचा एक सांधा केसभर उघडला, जूनच्या दमट हवेत आपोआप मिटला. अशा फटीत लांबी (पुट्टी) भरू नये, लाकूड फुगताना त्याला जागा लागते. रुंद फळ्या हलल्या नाहीत. ओंडका आधी चार भागांत चिरून त्या काढल्यात, आणि तसं ओक रुंदीत कमी आकसतं. त्यावरचे चंदेरी पट्टेही त्या चिरण्यामुळेच.

जुनं पॉलिश खरवडू नका, खरंच नका. आडोशाच्या जागी स्पिरिटचा (अल्कोहोलचा) बोळा लावून बघा. थर चिकट झाला तर ते बहुधा शेलॅक, म्हणजे लाखेचं पॉलिश. आम्ही फक्त धूळ झटकून मेण लावलं. नक्षीतली धूळ रंगकामाच्या मऊ ब्रशनंच निघते, फडकं अडकतं.

सगळ्यात महत्त्वाचं माप. इथल्या नियमानुसार आगीच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत लाकूड चालत नाही. ६ ते १२ इंचांत, तोंडापासूनच्या अंतराच्या दर इंचाला लाकूड जास्तीत जास्त १/८ इंच पुढे येऊ शकतं. जुनी मॅन्टेलं बरीचशी कोळशाच्या छोट्या शेगडीसाठी केलेली, त्यामुळे आतली मोकळी जागा अरुंद असते. आमच्या सुतारानं मधे स्लेट दगडाची पट्टी घातली तेव्हा कुठे जमलं. गणपतीत मूर्ती या मॅन्टेलवर बसवली, पण समई खाली पाटावरच ठेवली.