फायरफॉक्सचं ॲड-ऑनचं दुकान: नारिंगी बिल्ला असेल तरच घ्या

आमच्या साताऱ्याच्या करसल्लागार ऑफिसात जीएसटीचे रिटर्न, प्राप्तिकराचे फॉर्म, नेट बँकिंग, सगळा कारभार ब्राउझरमध्येच चालतो. लोकांनी विश्वासाने दिलेले पॅन आणि पासवर्ड तिथूनच जातात. त्यामुळे ऑफिसच्या मशिनवर कुठलं ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, बसवायचं आणि कुठलं नाही, हे मी बघते. आता शक्यतो फायरफॉक्स ब्राउझरच्या ऑनलाइन दुकानातूनच घेते. कारण एकच, तिथला ‘रेकमेंडेड’ हा नारिंगी बिल्ला.

ॲड-ऑन बसवताना लोक थोडंफार पारखतात, मग विसरून जातात. घोळ होतो तो पुढे. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे क्रोमचं ॲड-ऑन घ्या. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवायचं, 20 लाखांहून जास्त लोक वापरत होते. 2020 मध्ये मूळ कर्त्याने ते कुणा अनोळखी माणसाला विकलं. नव्या मालकाने अपडेटमधून गुपचूप बाहेरचा कोड घुसवला. फेब्रुवारी 2021 मध्ये गुगलने ते दुकानातून काढलं आणि लोकांच्या मशिनवरही बंद पाडलं. नाव तेच, चिन्ह तेच, परवानगी तर आपण आधीच देऊन बसलेलो! डिसेंबर 2024 मध्ये सायबरहेवन या सुरक्षेच्याच कंपनीच्या कर्मचाऱ्याला फसव्या मेलने गंडवलं आणि ऐन नाताळात त्यांच्या ॲड-ऑनची विषारी आवृत्ती लोकांकडे आपोआप पोचली. ग्राहकाने काही चुकीचं केलं होतं का? अजिबात नाही.

नारिंगी बिल्ल्याचं मोल इथे कळतं. बिल्ला मिळालेल्या ॲड-ऑनचा प्रत्येक नवा अपडेट बाहेर पडण्याआधी मोझिलाची, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्या संस्थेची, माणसं त्याचा कोड तपासतात. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन, पासवर्ड सांभाळणारं बिटवॉर्डन, पानं गडद करणारं डार्क रीडर यांना तो आहे. बाकीच्यांच्या पानावर मोझिला स्वतःच पिवळ्या पट्टीत सांगते की यावर आमची सतत नजर नाही. दुकानदाराने स्वतःच्या मालाबद्दल इतकं स्पष्ट सांगावं, हे मला फार आवडलं.

पण दुकान निर्धोक नाही. 2025 मध्ये याच दुकानात क्रिप्टो वॉलेटच्या (आभासी चलन ठेवायच्या पाकिटाच्या) नावाखाली 40 हून जास्त बनावट ॲड-ऑन सापडली. खऱ्या वॉलेटचं नाव, खरा लोगो आणि खाली खोट्या पंचतारांकित प्रतिक्रियांचा ढीग. तेव्हा तारे मोजू नका, बिल्ला बघा आणि कर्त्याचं नाव वाचा. ‘यूब्लॉक’ आणि ‘यूब्लॉक ओरिजिन’ ही दोन वेगवेगळ्या लोकांची ॲड-ऑन आहेत, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

ऑफिसात सगळ्यात जास्त मागणी मराठी टायपिंगच्या ॲड-ऑनला असते. मी ते बसवू देत नाही. असं ॲड-ऑन ‘सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणं आणि बदलणं’ अशी परवानगी मागतं, म्हणजे बँकेचं पानही त्याला खुलं. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आयता मिळतो, तो चालू करून देते. स्क्रीनशॉटसाठीही ॲड-ऑन लागत नाही. विंडोजचं बटण, शिफ्ट आणि एस एकत्र दाबा, हवा तेवढा भाग कापून मिळतो.

काही कामांना क्रोम लागतंच. तिथे पत्त्याच्या पट्टीशेजारच्या कोड्याच्या तुकड्यासारख्या चिन्हावर जा, ॲड-ऑनपुढचे तीन ठिपके दाबा आणि साइटची परवानगी ‘क्लिक केल्यावरच’ अशी करून टाका. मग तुम्ही बोलावल्याशिवाय ते पान वाचू शकत नाही. जाहिराती अडवणाऱ्या ॲड-ऑनला हे जमत नाही, त्याला सगळीकडे हजर राहावंच लागतं. म्हणून निदान ते तरी फायरफॉक्समधलं, नारिंगी बिल्ल्याचंच हवं.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो शोधामुळे. दुकानात नाव टाकलं की बिल्ल्याची आणि बिनबिल्ल्याची ॲड-ऑन एकाच यादीत येतात, गाळणी आपण लावायची. नवख्या माणसाला ती गाळणी दिसतही नाही. मोझिलाने ती आधीपासूनच लावून ठेवावी आणि ज्याला बाकीचा माल बघायचाय त्याने ती काढावी.