धक्क्याला नाव लावण्याची शिकवणी : पानशेतचा अनुभव

पुण्याहून पानशेतला जाऊन तानाजीसागर जलाशयावर मोटारबोट चालवण्याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण मी नुकतेच घेतले, आणि नाव पाण्यात पळवण्यापेक्षा ती धक्क्याला अलगद लावणे किती अवघड आहे, हे मला पहिल्याच तासात मनोमन पटले. नावेला ब्रेक नसतो; वेग कमी केला की ती सुकाणूला दाद देईनाशी होते आणि नेमक्या त्याच वेळी वारा तिला बाजूला ढकलू लागतो. तिसऱ्या प्रयत्नात माझ्या नावेचे पुढचे टोक धक्क्यावर जोरात आदळले, तेव्हा प्रशिक्षकांनी न रागावता मला पुन्हा मागे नेले, वाऱ्याकडे तोंड करून सावकाश यायला लावले आणि शेवटच्या चार हातांवर इंजिन क्षणभर रिव्हर्समध्ये टाकून नाव कशी थोपवायची, हे माझ्या हातावर हात ठेवून दाखवले. असा संयम मी फार थोड्या शिक्षकांत पाहिला आहे. धक्क्याला बांधलेले टायर मात्र इतके झिजले आहेत की आतल्या तारा बाहेर आल्या आहेत. ते तातडीने बदलावेत. पावसाळ्यानंतर, धरण भरलेले असताना, शक्यतो सकाळची वेळ घ्यावी.